गाळ बसवायची पावडर: कोळशाच्या वॉशरीतला हिशेब आणि आमच्या क्रशरवरचा अनुभव

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पिशवीवरच्या अर्धवट लेबलासाठी, त्याबद्दल पुढं लिहितेच. वस्तू म्हणजे ऋण भाराचं, अर्थात अ‍ॅनायनिक पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. आपल्याकडं कुणी त्याला पॉली म्हणतात, कुणी नुसतं पावडर. पांढरी, बारीक दाण्याची, 25 किलोच्या पिशवीत येते. उद्यमबागेतल्या एका केमिकलवाल्याकडून घेतली, किलोला 200 रुपयांच्या आसपास पडली. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी या भागात खडी क्रशरला जोडून एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुणारे आता बरेच झालेत, आणि ओळखीपाळखीतून मला सारखे फोन येतात: कुठली पावडर घेतली, किती घालता, आमचं पाणी का निवळत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी केली आणि झारखंडात, झरियाच्या कोळसापट्ट्यातल्या एका वॉशरीच्या, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये नोकरीला लागले. आईचं आजारपण सुरू झालं तशी बेळगावला परत आले. दादाचा क्रशर आहेच, तिथल्या पाण्याचं आणि गाळाचं काम माझ्याकडं आलं. या पावडरीबद्दल मला जे काही कळतं ते कोळशाच्या गाळावर शिकलेलं आहे, त्यामुळं सुरुवात तिथूनच करावी लागेल. ज्यांना फक्त एम-सँडचं वाचायचंय त्यांनीही हा भाग सोडू नये, कारण पुढं जे बिघडतं त्याचं कारण इथंच आहे.

खाणीतून आलेला कोळसा धुतात तो त्यातला दगड आणि माती काढायला. मोठे तुकडे सोपे. अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा चुरा अवघड. त्याला फ्लोटेशनच्या टाकीत डिझेल आणि पाइन ऑइलसारखं काहीतरी घालून हवा सोडतात, कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि खाली उरतं ते काळं, चिखलट पाणी. यात चिकणमाती, शेल नावाच्या दगडाची पूड आणि निसटलेला थोडा कोळसा असतो. हे पाणी नुसतं ठेवून दिलं तर निवळेल का? निवळेल, पण कधी? हिशेब सोपा आहे. पाण्यात कण खाली बसायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर चालतो, म्हणजे कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी. 2 मायक्रॉनच्या मातीच्या कणाला अगदी स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागतात. कोळसा मातीपेक्षा हलका, तेवढ्याच आकाराच्या कोळशाच्या कणाला बारा-तेरा दिवस लागतात. त्यातही या कणांवर ऋण भार असतो, सगळे एकमेकांना ढकलत राहतात, गोळा होतच नाहीत. आणि वॉशरीत टाकी बारा दिवस कोण थांबवणार?

मग लोक तलाव बांधतात आणि त्यात गाळ ओतत राहतात. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला कोळशाच्या कचऱ्याचाच बांध घालून असं पाणी साठवलेलं होतं. 26 फेब्रुवारी 1972 च्या सकाळी तो फुटला आणि 125 माणसं गेली. लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगायची, कारण थिकनरच्या, म्हणजे गाळ तळाशी बसवणाऱ्या टाकीच्या, ऑपरेटरला आपण नुसतं पाणी स्वच्छ करतोय असं वाटत असतं. त्याच्या हातात त्याहून मोठी जबाबदारी असते. दामोदरच्या काठी वाहून आलेली स्लरी, म्हणजे कोळशाचा पातळ गाळ, पाटीत भरून, वाळवून, इंधन म्हणून विकणारी माणसं मी रोज बघितलीत. त्यांच्या पायाखालची नदी काळी का, याचं उत्तर कुठल्या तरी थिकनरमध्ये असतं.

आता पावडर काय करते ते. पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचा रेणू म्हणजे अतिशय लांब साखळी, रेणुभार एक कोटीच्या वर. गाळाच्या कणाच्या मानानं ती इतकी लांब असते की एक टोक एका कणाला, मधला भाग दुसऱ्याला, असं करत ती पाच-पन्नास कण एकत्र बांधते. झालेल्या गोळ्याचा व्यास मोठा, म्हणून तो झपझप खाली बसतो. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्यांना हे नव्यानं सांगायला नको. काहिलीत उसाचा रस तापत असताना गुळव्या रानभेंडीचा चिकट रस घालतो आणि मळी गोळा होऊन वर येते, तशीच ही साखळी. फक्त गुऱ्हाळात मळी वर येते आणि आमच्याकडं गाळ खाली जातो. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांतही रस निवळताना हीच पॉलिअ‍ॅक्रिलामाइडची जात वापरतात, तिथं प्रमाण मात्र अगदी थोडं असतं.

वॉशरीत आमचा थिकनर टनाला वीस-तीस ग्रॅमवर छान चालायचा. टन म्हणजे कोरड्या गाळाचा टन, पाण्याचा नव्हे; हा घोळ बरेच जण घालतात. खालून जाड स्लरी निघायची, ती पट्ट्यांत दाबून पाणी काढणाऱ्या बेल्ट प्रेसवर जायची आणि तिथं अ‍ॅनायनिकच्या नंतर थोडं कॅटायनिक, म्हणजे धन भाराचं, घालायचे. दोन्हीचा क्रम महत्त्वाचा: आधी मोठे गोळे बांधायचे, मग त्यातलं पाणी सुटावं म्हणून दुसरं. खाणीचं पाणी तिथं जड, कॅल्शियमनं भरलेलं. ऋण भाराचा कण आणि ऋण भाराची साखळी यांच्या मध्ये कॅल्शियम पूल होतो. तिथं तो फुकट मिळत होता. इथं आल्यावर त्याची किंमत कळली.

आमचा दगड काळा, बेसाल्ट. खाणीत वरचा थर मुरमाचा आणि त्याखालच्या भेगांतून चिकणमाती उतरलेली असते. बेसाल्ट कुजून जी माती होते ती फुगणारी, आपल्या काळ्या रानाच्या जातीची. पावसाळ्यात बैलाच्या पायाला चिकटते तीच. झरियाच्या गाळातली माती बहुतेक केओलिनाइटच्या जातीची, ती इतकी फुगत नाही. ही फुगते, पाणी धरून ठेवते, आणि काँक्रीटवाल्याला तर शत्रूच: आजकाल काँक्रीट पातळ ठेवायला जे पॉलिकार्बोक्सिलेटचं अ‍ॅडमिक्सर वापरतात ते या मातीच्या थरांमध्येच जाऊन बसतं, मग आरएमसीवाला, म्हणजे तयार काँक्रीट पुरवणारा, पाणी वाढवतो आणि स्लॅबची ताकद जाते. म्हणून वाळू धुवायलाच हवी. वाळू-खडीचं भारतीय मानक आयएस 383, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत फोडलेल्या वाळूला 75 मायक्रॉनखालचा बारीक भाग 15 टक्क्यांपर्यंत चालतो, नदीच्या वाळूला 3 टक्केच. पण ते 15 टक्के दगडाच्या पुडीचे असावेत, मातीचे नव्हेत. आमच्याकडं येणारा एक आरएमसीचा इंजिनीअर फुगणाऱ्या मातीचं प्रमाण दाखवणारी मिथिलीन ब्लूची चाचणी मागतो आणि मला तो माणूस त्यासाठीच आवडतो.

पूर्वी दादाकडं गाळाला दोन खड्डे होते. एक भरला की दुसरा, आणि जेसीबीनं पहिला उपसायचा. उपसलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, आत लापशी. पावसात एकदा बांधावरून उतरला आणि शेजारच्या भाताच्या रानात पसरला. राखाडी साय धरली रोपांवर. त्या मामांनी आमच्याशी भांडण केलं नाही, नुसतं येऊन दाखवलं, आणि मला ते भांडणापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर शंकूसारखा थिकनर आणि गाळ कापडात दाबून पाणी काढणारी छोटी फिल्टर प्रेस आली.

पावडर पहिल्यांदा चालू केली ती उन्हाळ्यात, बोअरच्या पाण्यावर. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही असं. टनाला 35 ते 40 ग्रॅमवर गाळ असा बसला की ऑपरेटर शिडीवरून ओरडला, "अक्का, पाणी फाटलं बघा!" खरंच फाटलं होतं, ढगासारखे गोळे आणि मधून काच दिसावी असं पाणी. वरचं पाणी परत वॉशरला जातं, त्यामुळं टँकर मागवायचा बंद झाला. मार्च ते मेमध्ये आमच्या भागात टँकरचा भाव काय असतो ते सांगायला नको.

पाऊस लागला आणि तीच पावडर, तेच प्रमाण, तोच ऑपरेटर, तरी पाणी दुधासारखं. ऑपरेटरनं सरळ मात्रा वाढवली. "अवो अक्का, जास्त घातलं तर लवकर बसंल की," असं त्याचं म्हणणं. जास्त घातल्यावर गोळे शेवाळासारखे लिबलिबीत झाले आणि फिल्टर प्रेसची कापडं चोंदली. कारण उघड होतं. पावसाळ्यात आम्ही खाणीत साठलेलं पावसाचं पाणी वापरतो, त्यात कॅल्शियम नावालाच असतं. पूल नाही तर साखळी कणाला धरणार कशी? आणि वरच्या मुरमातली माती याच दिवसांत जास्त येते. वॉशरीत फुकट मिळणारी गोष्ट आता विकत घ्यायची. थिकनरच्या आधी पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे पीएसी, थोडं घातलं, त्यानं कणांवरचा भार मोडला, मग मागून तीच पावडर पूर्वीच्याच मात्रेत. पाणी परत फाटलं. पीएसीच्या जागी तुरटीही चालते, पण तुरटीनं पाणी आंबट होतं, लोखंडाच्या पाइपांचा विचार करून मी पीएसी धरलं.

या मधल्या काळात दुसऱ्या एका पुरवठादाराचा माणूस येऊन कॅटायनिक पावडर देऊन गेला. "मॅडम, ही सगळ्याला चालते." ती सांडपाण्याच्या गाळावर उत्तम चालते, खोटं नाही. आमच्या थिकनरवर तिचे गोळे लहान, पाणी धुरकट, आणि भाव जवळजवळ दीडपट. त्याहून मोठी हरकत वेगळी आहे: कॅटायनिक पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटतो, अ‍ॅनायनिकपेक्षा पाण्यातल्या जिवांना तो कितीतरी जास्त घातक. आमचा ओढा मार्कंडेय नदीला मिळतो. प्रेसच्या आधी अगदी थोडं, मोजून, बंद पाइपात घालणं वेगळं. उघड्या थिकनरमध्ये मी ते घालू देणार नाही.

पावडर घेणाऱ्यांनी सगळ्यात आधी एक 500 मिलीचं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं मोजपात्र घ्यावं. बेळगावात लॅबच्या सामानाच्या दुकानात सहज मिळतं. आपल्या गाळाच्या पाण्यात 5 टक्के कोरडा गाळ आहे असं धरा, म्हणजे मोजपात्रात 25 ग्रॅम. पावडरीचं 0.1 टक्क्याचं द्रावण, म्हणजे लिटरला 1 ग्रॅम, त्यातलं 1 मिली घातलं की टनाला 40 ग्रॅम झाले. मात्र ते 1 मिली दहापट पाणी घालून पातळ करून घाला, नाहीतर सगळं एकाच ठिकाणी चिकटतं. तोंड बंद करून चार-पाच वेळा हळू उलटंसुलटं करा, जोरात हलवू नका. मग घड्याळ लावून गाळाची रेघ खाली कशी उतरते ते बघा. अर्धा, एक, दीड मिली असं करत गेलात की आपल्या पाण्याला काय लागतं ते अर्ध्या तासात कळतं. पिशवीवरचा तक्ता आणि विकणाऱ्याचं बोलणं यापेक्षा हे मोजपात्र खरं. ऋतू बदलला, खाणीचा बाक (पायरी) बदलला, पाणी बदललं की परत करायचं.

द्रावण करणं हा दुसरा मुद्दा, आणि यात निम्मे लोक पैसे मातीत घालतात. आमच्याकडं हजार लिटरची टाकी आहे, तिला 1 किलो पावडर. पाणी फिरत असताना पावडर मुठीनं, भुरभुरत, भोवऱ्याच्या काठावर सोडायची. एकदम ओतली तर गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरड्या. त्या पुढं कधीच विरघळत नाहीत, पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतात. पाऊण तास ते तासभर संथ फिरवत ठेवायचं, तोपर्यंत साखळ्या उलगडत नाहीत. पंखा फार जोरात नको, कारण साखळी तुटली की तुटली. त्याच कारणानं डोसिंगला साधा सेंट्रिफ्युगल पंप लावू नका, स्क्रू पंप लावा. तासाला 5 टनांच्या आसपास गाळ येतो आमच्याकडं, टाकी पाच तास पुरते, म्हणून दोन टाक्या ठेवल्यात: एक चालू, एक तयार होत असलेली. काल केलेलं द्रावण आज वापरायला हरकत नसते, पण आठवडाभर ठेवलेलं पातळ होतं. फेकून देण्याइतकी वेळ येऊच देऊ नये.

द्रवरूपातही हा माल मिळतो, तेलात मिसळलेलं दुधी इमल्शन. मोठ्या प्लांटला, जिथं आपोआप द्रावण करणारं यंत्र असतं, तिथं ते सोयीचं. आमच्यासारख्याला पावडरच बरी: कोरड्या जागेत महिनोन् महिने टिकते आणि वाहतुकीत पाण्याचे पैसे पडत नाहीत.

सुरक्षिततेचं दोन ओळींत. ही पावडर ओल्या फरशीवर सांडली तर फरशी इतकी निसरडी होते की उभं राहता येत नाही, आणि सवयीनं माणूस लगेच पाण्याचा पाइप घेतो, तिथंच फसतो. पाणी मारू नका. कोरडी वाळू टाका, झाडून घ्या, मग धुवा. पावडर ओतताना तोंडाला मास्क हवा. पॉलिमर स्वतः विषारी नाही, पण ज्यापासून तो बनतो ते अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे. म्हणून उरलेला मोनोमर, म्हणजे हेच मूळ रसायन, 0.1 टक्क्याच्या खाली आहे असं प्रमाणपत्र विकणाऱ्याकडून मागून घ्या. मागितल्यावर देतात. मागितल्याशिवाय देत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर टनाला 40 ग्रॅम, किलोला 200 रुपये, म्हणजे कोरड्या गाळाच्या टनामागं 8 रुपये. पावसाळ्यात पीएसीचे वेगळे. जेसीबीचं भाडं, टँकर आणि खड्ड्यासाठी अडकलेली जमीन यांच्यासमोर हा खर्च दादाला आता दिसतही नाही. सुरुवातीला त्यानं प्रत्येक मुठीचा हिशेब विचारला होता. प्रेसमधून निघणारा केक, म्हणजे दाबलेला गाळ, हातात धरला तर मोडतो, डंपरमध्ये भरताना पाणी गळत नाही, आणि एक वीटभट्टीवाला तो मातीत मिसळून बघायला घेऊन जातोय. शेजारच्या मामांच्या रानात यंदा गाळ गेला नाही. माझ्या दृष्टीनं या पावडरीचं सगळ्यात मोठं काम तेच.

आता कापलेला तारा. पहिल्या खेपेच्या पिशव्यांवर ग्रेड, चार्ज (साखळीवरच्या भाराचं प्रमाण) 30 टक्के, लॉट नंबर, तारीख सगळं छापलेलं होतं. दुसऱ्या खेपेला पिशवी तीच, पण लेबलावर नुसतं अ‍ॅनायनिक पॉलिमर, एवढंच. मोजपात्रात लावून बघितलं तर गाळ बसायला जवळजवळ दुप्पट वेळ. फोन केला तर म्हणाले, माल तोच आहे मॅडम. तोच असता तर रेघ तशीच उतरली असती. दोन्ही खेपांचे नमुने बरणीत ठेवले होते, ते घेऊन दुकानात गेले, तिथंच त्यांच्या टेबलावर दोन मोजपात्रं शेजारी लावली. त्यांच्या माणसानं बघितलं आणि पिशव्या बदलून दिल्या, कुरकूर न करता. त्याबद्दल त्यांना मानते. हातात पुरावा नसता तर काय झालं असतं ते मात्र सांगवत नाही. कोळशाच्या वॉशऱ्या प्रत्येक लॉट तपासून घेतात कारण त्यांच्याकडं लॅब असते. आपल्या भागातल्या क्रशरवाल्याकडं लॅब नसते हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

पुढची ऑर्डर त्याच दुकानाला देणार आहे. अट कागदावर लिहून दिलीय: पिशवीवर ग्रेड आणि लॉट नंबर, मोनोमरचं प्रमाणपत्र, आणि प्रत्येक नव्या लॉटचा 100 ग्रॅमचा नमुना आधी. नमुना आमच्या पाण्यावर पास झाला तरच गाडी भरायची. दुकानदार तयार आहे. एकट्या आमच्यासाठी हे त्याला परवडणार नाही असं तो म्हणाला, त्यामुळं हुक्केरी आणि खानापूर बाजूचे ज्यांचे फोन येतात त्यांनी हीच अट घातली तर त्यालाही सोपं जाईल. मोजपात्र कसं वापरायचं ते बघायचं असेल तर सकाळी आमच्या क्रशरवर या, अकराच्या आत, कारण त्यानंतर डंपरची गर्दी असते.